बाबा का, बेबी का?

(इंदूरच्या रामबागेतल्या एका महिला मंडळात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नातवाच्या बारशाच्या खरेदीला राजवाड्यामागच्या गल्लीत गेले होते. दुकानात पाऊल टाकलं नाही तोच काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आंटी, बाबा का दिखाऊँ या बेबी का?" बाबा म्हणजे मुलगा, बेबी म्हणजे मुलगी. बाळ केवढं, सुती हवं की होजियरी, काही विचारणं नाही. 'बाबा' म्हटल्याबरोबर निळी थप्पी खाली आली. मला आवडलं होतं शेजारच्या थप्पीतलं झबलं. फिकट गुलाबी मलमल, बटणाऐवजी बंद, आतून शिवण टोचणार नाही अशी. तीस वर्षं कापड शिकवल्यामुळे माझा हात आधी शिवणीकडे जातो. तर तो मलाच समजावायला लागला, "वो बेबी का है." मी म्हटलं, अरे, दहा दिवसांच्या बाळाला काय कळतंय? तो म्हणाला, "देखने वालों को तो पता चलना चाहिए ना." माझं आजचं व्याख्यान त्या पोराने एका वाक्यात उरकलं होतं.

अनेकांना वाटतं, मुलाला निळं, मुलीला गुलाबी हे गोऱ्यांकडचं जुनं आहे. तेवढंही जुनं नाही. अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा 1884 सालचा फोटो आहे. अडीच वर्षांचा मुलगा, लांब केस, अंगात पांढरा झगा. तेव्हा तिकडे लहान मुलगे-मुली दोघांनाही पांढरे झगेच घालत, कारण ते उकळून धुता येत. 1918 मध्ये तिथल्या बालकपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने तर लिहिलं की गुलाबी ठसठशीत, म्हणून मुलांना. निळा नाजूक, म्हणून मुलींना! म्हणजे तेव्हा सगळीकडे उलटंच चालायचं असंही समजू नका. 1927 मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने शहरोशहरीच्या मोठ्या दुकानांची मतं छापली, त्यात एकवाक्यता नव्हतीच. कपड्यांचा इतिहास अभ्यासणाऱ्या जो पाओलेट्टी या बाईंच्या मते आजची वाटणी घट्ट झाली ती 1980च्या दशकात, पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे आधी कळायला लागल्यावर. बाळ यायच्या आत खोली रंगवून, कपाट भरून तयार. आणि मुलाच्या पाठीवर मुलगी झाली की सगळी खरेदी नव्याने. व्यापाऱ्याला आणखी काय हवं?

आपल्याकडे हे इंजिन चालू शकत नाही. 1994चा गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा आहे, सोनोग्राफी सेंटरवर पाटी असते. शिवाय बाळंतपणाआधी बाळाचं काही आणू नये, ही आजीची ताकीद. तरी निळी-गुलाबी थप्पी आपल्या गल्लीत आलीच. कारण सोडून नुसती रीत आली.

आता घरात बघा. बोरन्हाणाला मुलगा असो की मुलगी, काळंच झबलं आणि वर हलव्याचे दागिने. गळ्यात हार, कपाळावर मुकुट, आणि कोणी म्हणत नाही की पोराला दागिने कशाला. गोकुळाष्टमीला बाळकृष्णाचे पोशाख घ्यायला बाजारात झुंबड उडते. गोटा लावलेला राणी रंगाचा सगळ्यात आधी संपतो. गुलाबी आपल्याकडे मुळात सणाचा रंग. करडईच्या फुलांतून निघणारा कुसुंबी गुलाबी सोड्याच्या पाण्यात उतरतो, उन्हात विटतो. रोज धुवायच्या झबल्याला तो परवडणारच कसा? तो जायचा पागोट्यात, शालूत. रासायनिक रंग आले तेव्हा कुठे तो लंगोटापर्यंत पोचला.

मुलांना हे जन्मतः कळतं का? लोब्यू आणि डीलोच या दोघी मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये छापलेल्या अभ्यासात बाळांपुढे एकाच वस्तूच्या रंगीत जोड्या ठेवल्या होत्या. मुलींचा गुलाबीकडचा ओढा दिसू लागला दोन वर्षांच्या आसपास, आणि पुढे मुलगे तो रंग टाळायला लागले. मूल 'मी मुलगी', 'मी मुलगा' म्हणायला लागतं, तेच हे वय. तोवर दोन वर्षं आपण कपाट एका रंगाने भरलेलं असतं, हे विसरू नका.

तर ते गुलाबी झबलं मी घेतलं. जावईबापू पुण्याचे, फार सालस. म्हणाले, "आई, फोटोत मुलगी वाटेल हो." मी काही बोलले नाही. समोरच्या भिंतीवर त्यांच्याच लग्नाचा फोटो होता, डोक्यावर हाऽ एवढा गुलाबी फेटा. लेकीने फोटोकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ते हसले आणि झबल्याचे बंद बांधायला लागले. चुकीचे बांधले, ती गोष्ट वेगळी.

गंमत म्हणजे वर घातलेल्या कुंचीबद्दल कोणीच बोललं नाही. ती माझ्या आजेसासूबाईंच्या महेश्वरी लुगड्याच्या पदराची, गडद राणी रंगाची. आमचे हे त्याच कुंचीत होते, दोन्ही नणंदा होत्या, माझी लेक होती. काठ आता पार विरलाय. या वेळी मी हिरवा लावलाय. घरात तेवढाच तुकडा शिल्लक होता.