मयत, वारस आणि सासुरवाशिणी

श्रोतेहो, नमस्कार.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या घरात वंशावळ कागदावर उतरते ती बहुधा तीन प्रसंगी: जातीच्या दाखल्याची पडताळणी करायची असते तेव्हा, भावाभावांत वाटणी व्हायची असते तेव्हा, किंवा वाद कोर्टात गेलेला असतो तेव्हा. तिन्ही वेळा कामापुरते कागद गोळा होतात, पणजोबापासून नातवापर्यंतच्या पुरुषांची नावे एकाखाली एक लिहिली जातात, आणि काम झाले की ती वंशावळ प्लास्टिकच्या पिशवीत जाऊन पडते. कोणत्या बापाचा कोण मुलगा, एवढे तिच्यावरून कळते. मात्र एका पिढीत चार भाऊ असताना पुढच्या पिढीत एकाचेच नाव का उरले, धाकट्याची मुले थोरल्याच्या घरात का वाढली, मळ्याची जमीन एका शाखेकडे आणि माळाची दुसरीकडे कशी गेली, यांतले काही कळत नाही. या प्रश्नांची उत्तरे हवी असतील तर घरात लग्न होऊन आलेल्या आणि घरातून लग्न होऊन गेलेल्या बायकांचा माग काढावा लागतो, आणि आपल्याकडच्या कागदांची ठेवणच अशी आहे की तो माग लग्नाच्या नोंदीवरून न निघता मृत्यूच्या नोंदीवरून निघतो.

याचे कारण साधे आहे. खेड्यातली लग्ने दारात मांडव घालून लागत आली, आणि पंचक्रोशी साक्षीला असल्यावर सरकारी कागदाची गरज कुणाला वाटली नाही. मुंबई राज्यात विवाह नोंदणीचा कायदा १९५३ साली झाला, सध्याचा महाराष्ट्राचा कायदा १९९८ सालचा आहे. तरी आपल्या आजी-आजोबांच्या लग्नाचा दाखला कुठल्या कार्यालयात मिळेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. मृत्यूचे तसे नव्हते. खातेदार मेला की शेतसारा कुणाकडून घ्यायचा, हा प्रश्न सरकारपुढे लगेच उभा राहत असे, म्हणून त्याच्या मरणाची नोंद होणे भागच होते. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदीची पद्धत आली आणि पुढे ती गावोगाव पोचली. आज ज्याला आपण फेरफार म्हणतो, तो हक्कातल्या बदलांचा गाव नमुना सहा, आणि वारसांची नोंदवही, म्हणजे सहा-क, या त्याच व्यवस्थेतल्या वह्या होत.

जुना हस्तलिखित सातबारा हातात घेतला तर कब्जेदाराच्या रकान्यात काही नावांना कंस केलेला दिसतो आणि शेजारी वर्तुळात एक आकडा असतो. बहुतेक लोक कंसातल्या नावांकडे दुर्लक्ष करतात, कारण ती माणसे आता मालक नाहीत. घराण्याचा शोध घेणाऱ्याने मात्र तिथूनच सुरुवात करावी. तो वर्तुळातला आकडा फेरफाराचा असतो. त्या क्रमांकाची नक्कल काढली की मजकूर साधारण असा निघतो: सदर खातेदार अमुक तारखेस मयत झाले, त्यांस वारस मुलगे दोन, मुली तीन व विधवा पत्नी, सबब वारसांची नावे दाखल करण्याची वर्दी दिली. एवढ्या दोन-तीन ओळींत एका घराची एक पिढी मावलेली असते. पत्नीचे नाव तिथे लिहिलेले असते, ते बऱ्याचदा तिच्या लग्नाचा शासकीय दप्तरातला एकमेव पुरावा असतो. संसार संपल्यावर तो झाला होता याची नोंद व्हावी, हे चमत्कारिक वाटते खरे.

या नोंदींत १९५६ हे साल सीमेसारखे आहे. त्या वर्षी १७ जूनला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला आणि मुलगे, मुली, विधवा व आई हे एकाच वर्गातले वारस ठरले. त्याआधीच्या वारसनोंदींत मुलगे असताना मुलींची नावे सहसा येत नाहीत. त्यानंतरच्या नोंदींत ती येऊ लागतात, आणि विवाहित मुलीचे नाव सासरच्या आडनावाने, पुष्कळदा सासरच्या गावासह लिहिलेले असते. आपली आत्या कुठे दिली होती, हे घरातले विसरले असले तरी तलाठ्याने लिहून ठेवलेले सापडते.

१९५६ पूर्वीचा काळ अवघड आहे, पण मुका नाही. त्या काळची नावे वाचताना मोठी अडचण येते ती पुनरावृत्तीची. जुन्या कागदांत मुलाचे नाव ‘तुका बिन रामा’ असे लिहीत, म्हणजे रामाचा मुलगा तुका. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल असल्यामुळे पुढे ‘रामा बिन तुका’ येतो, त्याच्यानंतर पुन्हा ‘तुका बिन रामा’. पन्नास-साठ वर्षांच्या अंतराने येणारे दोन तुका एकच समजून वंशावळीतल्या दोन पिढ्या गिळल्या गेल्याची उदाहरणे कमी नाहीत, आणि जमिनीच्या दाव्यात तर अशी चूक फार महागात पडते. अशा वेळी उपयोगी पडतात त्या बायका. ‘राधा कोम तुका’ किंवा ‘सखू भ्रतार तुका’ अशी बाईची ओळख नवऱ्याच्या नावाने दिलेली असते. एका तुकाची बायको राधा आणि दुसऱ्याची सखू निघाली की निदान विचारायचा प्रश्न तरी नेमका होतो: हे दोन तुका, की एकाच तुकाची दोन लग्ने? घराण्यातले पुरुष एकमेकांपासून वेगळे काढायचे तर त्यांच्या बायकांची नावे हाताशी हवीत.

आणखी दोन खुणा सांगतो. नावापुढे ‘एकुमॅ’ दिसले तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याच्या एकट्याच्या नावावर जमीन दिसली तरी मागे भाऊ आहेत, असे समजावे आणि ते भाऊ कोण होते हे त्याच्या मृत्यूनंतरच्या फेरफारात शोधावे. दुसरी खूण ‘अपाक’, म्हणजे अज्ञान, वयात न आलेल्या, वारसाचा पालनकर्ता. मुलगा अज्ञान असताना बाप गेला, हे बहुधा त्या तीन अक्षरांतून कळते, आणि पालनकर्ता म्हणून आईचे नाव आहे, की चुलत्याचे, की मामाचे, यावरून त्या घरात तेव्हा काय चालले होते याचा बराच अंदाज बांधता येतो. आई हयात असून पालनकर्ता चुलता असेल तर थांबून विचार करावा. कदाचित घर एकत्र होते म्हणून कर्त्या पुरुषाचे नाव लागले असेल. कदाचित आईने पाट लावला असेल. शेतकरी समाजांत विधवेचा पाट किंवा मोहतूर, म्हणजे पुनर्विवाह, ही पूर्वापार मान्य गोष्ट होती, पेशवाईत तर त्यावर पाटदाम नावाची पट्टी घेतली जाई. शिकलेल्या पिढ्यांना पुढे हे सांगायला संकोच वाटू लागला आणि कितीतरी घरांच्या आठवणींतून अशा आज्या गाळल्या गेल्या.

आता प्रत्यक्ष मृत्यूच्या नोंदवहीकडे येऊ. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ सालचा असून तो १ एप्रिल १९७० पासून महाराष्ट्रात लागू आहे. त्याआधीच्या जन्ममृत्यूच्या नोंदी गाव नमुना चौदामध्ये, ज्याला बोलीत कोतवाल बुक म्हणतात त्यात, सापडतात. अनेक तालुक्यांच्या रेकॉर्ड रूममध्ये त्या जपलेल्या आहेत. जुन्या नोंदी मोडीत असतात, मराठवाड्यातल्या निजामकाळच्या कागदांत उर्दूही भेटते, तेव्हा वाचणारा जाणकार सोबत घ्यावा. या वहीत मृताचे नाव, वय आणि मरणाचे कारण असते. कारणे मोजकीच: पटकी, देवी, प्लेग, हगवण, अपघात, आणि बाकी सगळ्यांना मिळून ताप. ‘ताप’ या शब्दावर फार विश्वास ठेवू नये. हिवताप, विषमज्वर, बाळंतरोग, न्यूमोनिया हे सारे त्याच्या पोटात गेलेले असतात.

१९१८ च्या पानांवर हा ताप सलग दिसतो. इन्फ्लुएन्झाची ती साथ, जिला पुष्कळ भागांत मानमोडी म्हणत, त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत पसरली आणि ऑक्टोबरात तिने कहर केला. इन्फ्लुएन्झाच्या इतर साथी आधी म्हाताऱ्यांना आणि पोरांना नेत. या साथीत वीस ते चाळीस वयाची माणसे अधिक दगावली, आणि त्यांतही बायकांचे प्रमाण जास्त होते. एखाद्या घरातली सून त्या ऑक्टोबरात गेलेली दिसली तर पुढच्या वर्ष-दोन वर्षांत त्या घरात दुसरे लग्न झाले का, हे जरूर पाहावे. त्या घरातल्या सावत्रपणाच्या, आणि पुढे वाटणीत उमटलेल्या भेदाच्या, गोष्टी तिथून सुरू झालेल्या असू शकतात.

कागदाच्या बाहेर, घरातच, मृत्यूची दुसरी एक नोंदवही असते, ती म्हणजे तिथी. साल विसरले जाते, तिथी विसरत नाहीत, कारण दरवर्षी त्या दिवशी पान वाढायचे असते. पणजी आश्विन वद्यात, ऐन दिवाळीच्या तोंडावर गेली, असे घरात सांगत असतील आणि कोतवाल बुकात त्या नावाच्या बाईचा मृत्यू १९१८ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस लिहिलेला असेल, तर दोन्ही ताडून पाहता येतात. शके १८४० चा आश्विन वद्य पक्ष साधारण २० ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर १९१८ असा आला होता, म्हणजे मेळ बसतो. नोंद मार्चची निघाली असती तर ती बाई दुसरी कुणी. शके सालात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारी ते पाडवा या काळासाठी ७९. फसली, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबाचे, साल असेल तर ५९० मिळवावे, आणि जानेवारीपासून ते साल संपेपर्यंतच्या काळासाठी ५९१. एवढे गणित पाठ असले की कामाचा निम्मा गोंधळ मिटतो.

पितृपक्षातली एक बारीक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. नवऱ्याआधी, सवाष्ण म्हणून गेलेल्या स्त्रीचे श्राद्ध भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला, घालतात. ज्या घरात ही चाल नेमाने पाळली जाते, तिथे पणजीचे पान नवमीला वाढत असतील तर ती पणजोबांच्या आधी गेली एवढे निश्चित होते, आणि मग पणजोबांच्या वारसनोंदीत जी ‘विधवा पत्नी’ लिहिली आहे ती कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. त्याचे उत्तर कधी देव्हाऱ्यात मिळते, कधी म्हातारीच्या गळ्यात. पहिली बायको वारल्यावर दुसरेपणावर आलेल्या बाईने मेलेल्या सवतीच्या नावाचा टाक गळ्यात घालायचा, अशी रीत अनेक घरांत होती. चांदीचा, नखाएवढा, वर्षानुवर्षांच्या घासणीने चेहरा पुसला गेलेला तो टाक काळ्या पोतीत ओवलेला असे. दुसरी वारली की तो तिच्या दागिन्यांबरोबर पेटीत जाई, आणि सोनाराकडे मोड म्हणून जायच्या आत कुणी विचारले तरच तो कशाचा हे कळे. पहिली बायको विशीच्या आत, लेकराविना गेली असेल तर तिचे नाव सातबाऱ्यावर आलेले नसते, वारसनोंदीत नसते, वंशावळीत तर नसतेच. हा टाक तेवढा असतो.

लग्नांचे थेट पुरावे थोडे आहेत, पण पाहावेत. आहेराची वही हा त्यांतला उत्तम. तिच्यात गावनिहाय नावे असतात आणि मामाकडचे, आत्याकडचे, व्याह्यांचे असे क्रम लागलेले असतात. अशा दोन पिढ्यांच्या वह्या शेजारी ठेवल्या की तीच चार-पाच गावे फिरून येताना दिसतात, कारण मामाची मुलगी भाच्याला देण्याची चाल होती आणि सोयरीक बैलगाडीच्या टप्प्यात पाहिली जाई. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्यांची नावे गावावरून शोधता येतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या बाजूंना हेळवी, म्हणजे पिढीजात वंशावळी सांगणारे लोक, येतात आणि घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतात. तो परंपरेचा ठेवा आहे, पण सरकारी कागदाशी ताडल्याशिवाय त्यावर विसंबू नये, असे माझे मत आहे.

राहिला प्रश्न आजीच्या माहेराचा. लग्नात नाव बदलले गेले, गाव बदलले, आडनाव बदलले; तेव्हा सासरच्या कागदांतली बाई माहेरच्या कागदांत ओळखायची कशी? आहेराच्या वहीतले मामाचे गाव हाती असेल तर त्या गावी जाऊन तिच्या वडिलांच्या मृत्यूनंतरचा फेरफार पाहावा. तो १९५६ नंतरचा असेल तर तिचे नाव तिथे बहुधा आहे, आणि पुढच्याच एखाद्या फेरफारात ते कमी केलेलेही आहे, कारण बहिणींनी भावांच्या लाभात हक्क सोडल्याचे जबाब तलाठ्यापुढे सर्रास होत असत. तो व्यवहार न्याय्य होता की नाही, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. शोधाच्या कामी मात्र नोंदवलेल्या हक्कसोडपत्रासारखा कागद नाही. त्यात बाईचे नाव, वय, राहण्याचे गाव, नवऱ्याचे नाव, वडिलांचे नाव, भावांची नावे आणि जमिनीचा गट किंवा सर्व्हे नंबर, एवढे सगळे एकाच ठिकाणी येते, आणि खाली तिचा डाव्या हाताचा अंगठा असतो. दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक दोन पाहून त्याचा दस्त क्रमांक मिळतो आणि अर्ज केल्यावर नक्कल मिळते. अर्ज करताना आजीचे सासरचे नाव न देता तिच्या भावाचे नाव आणि माहेरचे गाव द्यावे, कारण ती सूची गाव आणि जमीन यांवर लावलेली असते, आणि जमीन भावाकडे राहिलेली असते.