शर्ली चिझम : कुणाला विकलेली नाही, कुणाच्या ताब्यात नाही

२५ जानेवारी १९७२. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधलं एक बॅप्टिस्ट चर्च. मायक्रोफोनच्या गर्दीमागे चष्मा लावलेली, सडपातळ बांध्याची एक बाई उभी आहे. मी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी लढणार, असं ती ठणकावून सांगतेय. काळी असल्याचा मला अभिमान आहे, पण मी फक्त काळ्यांची उमेदवार नाही. बाई आहे, पण फक्त बायकांचीही नाही.

या शर्ली चिझम. आईवडील कॅरिबियन भागातून आलेले. वडील कारखान्यात कामगार, आई शिवणकाम करायची, लोकांच्या घरची कामंही करायची. शर्ली आधी बालवाडीत शिकवत होत्या. १९६८ साली त्या अमेरिकी काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर निवडून आल्या, तिथे पोचलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री! 'कुणाला विकलेली नाही, कुणाच्या ताब्यात नाही' ही त्यांची प्रचारघोषणा. सभागृहात पाऊल ठेवताच त्यांना कृषी समितीवर बसवलं गेलं. ब्रुकलिनमध्ये शेतं कुठली? नव्या सदस्यानं गप्प बसायचं असतं, हा संकेत मोडून त्यांनी भर सभागृहात विरोध केला आणि समिती बदलून घेतली.

राष्ट्राध्यक्षपदाच्या लढतीत पैसा तोकडा होता. बरेच कृष्णवर्णीय पुरुष नेतेही लांबच राहिले. उमेदवार ठरवणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांना प्रतिनिधींची १५२ मतं पडली.

पण त्या वर्षातला एक प्रसंग या मतांपेक्षा मोठा वाटतो. अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस हे वर्णभेदाचे कट्टर पुरस्कर्ते आणि उमेदवारीच्या शर्यतीतले प्रतिस्पर्धी. मे महिन्यात त्यांच्यावर गोळीबार झाला, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. चिझम त्यांना भेटायला थेट रुग्णालयात गेल्या. तुमची माणसं काय म्हणतील, असं वॉलेस यांनी विचारलं. काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, पण तुमच्यावर जे ओढवलं ते कुणावरही ओढवू नये, असं त्या म्हणाल्या. वॉलेस यांना रडू कोसळलं. इकडे चिझम यांचे समर्थक संतापले, मतदारसंघात बोल लागले. त्यांनी मात्र माघार घेतली नाही.

पुढे घरकामगारांना किमान वेतन मिळावं म्हणून त्या झगडत होत्या. किमान वेतनाच्या १९३८च्या कायद्यानं या बायकांना वगळलं होतं. दक्षिणेतल्या खासदारांची मतं मिळवायला वॉलेस यांनी मदत केली, असं चिझम स्वतः सांगत. १९७४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या लाखो बायकांना, त्यांच्या आईसारख्याच बायकांना, किमान वेतनाचा कायदेशीर हक्क मिळाला.