अपिलाची मुदत कशी मोजायची?

नमस्कार श्रोतेहो. चोपड्याच्या नाहीतर शहाद्याच्या कोर्टात शिक्षा लागली, की घरची माणसं आधी जामिनामागे धावतात. साहजिकच आहे. पण त्याच दिवशी, कोर्टाचं आवार सोडण्याआधी, निकालाच्या नकलेचा अर्जही द्या.

मॅजिस्ट्रेटनं दिलेल्या शिक्षेवर सत्र न्यायालयात अपील करायला ३० दिवस मिळतात. शिक्षा सत्र न्यायालयानं दिली असेल, तर आपलं अपील जातं उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात. मुदत ६० दिवस. फाशीची शिक्षा असेल तर मात्र ३०च.

निकालाचा दिवस मोजायचा नाही. समजा, निकाल ५ जानेवारीला लागला. ३० दिवस ४ फेब्रुवारीला भरतात. १० जानेवारीला नकलेचा अर्ज दिला, १९ला नक्कल तयार झाली, तर हे १० दिवस वगळले जातात आणि मुदत १४ फेब्रुवारीपर्यंत जाते. त्या दिवशी कोर्ट बंद असेल, तर उघडेल त्या दिवशी. पण तयार नक्कल आठवडाभर न्यायला गेला नाहीत, तर तो आठवडा तुमचा गेला. अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, या तारखा नकलेवरच असतात. कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत लगेच, फुकट मिळते. ती हातात असताना दिवस वगळण्याच्या सवलतीवर विसंबू नका.

खरी गफलत पुढेच होते. आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंतची असेल, तर तेच कोर्ट अपिलासाठी काही दिवस शिक्षा स्थगित करतं. नकलेमुळे अपिलाची मुदत वाढते, ही स्थगिती आपोआप वाढत नाही. ती संपली की वॉरंट निघू शकतं, अपिलाचे दिवस शिल्लक असले तरी. म्हणून दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवा.

चेक न वटल्याच्या प्रकरणात लोक आधी पैसे जमवत बसतात. दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरायला अपिलाचं कोर्ट सांगू शकतं, पण अपील दाखल झाल्यावर. आणि भरायला ६० दिवस असतात.

मुदत टळलीच, तर अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ‘आजारी होतो’ एवढ्यानं भागत नाही; दवाखान्याचे कागद जोडा, तारखा जुळवा.

माणूस तुरुंगात असेल, तर अपील आणि निकालाची प्रत तुरुंग अधिकाऱ्याकडे द्यायची. तो ती कोर्टात पाठवतो. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, आणि कोठडीतल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.