पाळणा लांबवताना

श्रोतेहो, नमस्कार.

नाशकात मी ३१ वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलं. एवढ्या वर्षांत एक प्रश्न जवळजवळ रोज ऐकला. कधी नवी नवरी विचारायची, कधी तिची सासू, कधी लेकीला घेऊन आलेली आई. 'डॉक्टर, पहिलं मूल कितव्या वर्षी झालेलं बरं?'

शरीराचं उत्तर आधी सांगून टाकते. विशीच्या आत नको. कायद्यानं मुलीचं लग्न १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय करता येत नाही. पण अठरावं सरलं म्हणजे शरीर बाळंतपणाला तयार झालं, असं धरून चालू नका. आपल्या आनंदीबाई जोशींना १४व्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत तो गेला. पुढे १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा प्रबंधाला विषय घेतला तो प्रसूतीशास्त्राचाच. मी शिकत असताना हे वाचलं आणि आजही ते मनातून जात नाही.

विशी ओलांडल्यापासून तिशीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांपर्यंतचा काळ शरीराला सगळ्यांत सोयीचा. मुलगी आयुष्यभराची स्त्रीबीजं घेऊनच जन्माला येते, नवी तयार होत नाहीत. जन्मताना दहा ते वीस लाख असतात, पाळी सुरू होते तेव्हा तीन-चार लाख उरतात. ३२ नंतर दिवस राहण्याची शक्यता हळूहळू कमी होते, ३७ नंतर भराभर कमी होते. पुन्हा सांगते, ३२ नंतर हळूहळू आणि ३७ नंतर भराभर.

शरीराचं उत्तर एवढंच. पण शरीर एकटं निर्णय घेत नाही. त्यासाठी मला एक जोडपं आठवतं. बरीच वर्षं झाली त्याला.

तो अंबडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पाळीनं कामाला होता, ती नाशिकरोडला शाळेत शिकवायची. लग्न झालं तेव्हा ती २६ची, तो २९चा. सिडकोत दोन खोल्यांचं घर, त्यात सासू-सासरे, धाकटा दीर आणि शिकायला आलेली भाची. माझ्याकडे आले तेव्हा तिला ३३ वर्षं पूर्ण झाली होती. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. हे दोघं आत आले आणि टेबलावर जाडजूड फाईल ठेवली.

मी नेहमीसारखं विचारलं, 'किती दिवसांपासून मूल हवंय?' ती म्हणाली, 'खूप वर्षं झाली.' तो त्याच वेळी म्हणाला, 'एक वर्ष.' दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही गप्प झाले.

मी फाईल उघडलीच नाही. टेबलावरच्या पॅडचे दोन कागद फाडले, दोघांना एकेक दिला. म्हटलं, 'बोलू नका. मूल कधी हवं होतं ते लिहा, बायकोच्या वयाचा आकडा घाला. आणि का थांबलात, तेही लिहा.' पाच मिनिटं दोघं पाठमोरे बसून लिहीत होते, शाळेतल्या परीक्षेसारखे.

कागद हातात आले. दोघांनीही आकडा लिहिला होता २८.

तिनं पुढे लिहिलं होतं, 'ह्यांना आधी पाथर्डी फाट्याचा फ्लॅट घ्यायचा होता, म्हणून मी विषय काढला नाही.' त्यानं लिहिलं होतं, 'तिला नको होतं.' मी कागदांची अदलाबदल केली. तिनं त्याचा कागद दोनदा वाचला. म्हणाली, 'अहो, मी कधी नको म्हटलं?'

मग हळूहळू उलगडा झाला. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, रात्री, ती म्हणाली होती, 'आत्ताच नको हं, माझं एम.ए. होऊ दे.' मुक्त विद्यापीठातून तिचं एम.ए. चालू होतं. त्यानं ते मनावर घेतलं. तेव्हापासून निरोध आणायचं काम त्याचं. एम.ए. दोन वर्षांत झालं, पेढे वाटले. आता ती सांगेल, म्हणून तो वाट पाहत राहिला. आणि तिला वाटत होतं, हे अजून निरोध आणतात, म्हणजे ह्यांना फ्लॅटआधी मूल नको आहे. घरात सहा माणसं, पातळ भिंत, त्याची रात्रपाळी. विषय निघणार कधी?

संक्रांतीला शेजारच्या बाळाचं बोरन्हाण झालं की ती घरी येऊन स्वयंपाकघरात गप्प बसायची. तो बघायचा. त्याला वाटायचं, बायका हिला 'तुमचं कधी?' म्हणून छळतात, आता आपण तरी हा विषय नको काढायला. सासूबाईंनी त्याच्या लहानपणचे चांदीचे वाळे तिला दिलेले होते. दर दिवाळीला ती ते सराफ बाजारात नेऊन उजळून आणायची. एका वर्षी त्यानं ते कपाटात चकचकीत झालेले पाहिले, आणि आईनं सांगितलं म्हणून हिनं केलं असेल, असं समजून कपाट बंद केलं.

श्रोतेहो, दोघांत कुणी दुष्ट नव्हतं. उलट दोघंही एकमेकांचं मन जपत होते. एका रात्रीचं एक वाक्य सहा वर्षं घरात राहिलं. शेवटी सासूबाई एकदा जेवता जेवता रडल्या, तेव्हा त्यानं निरोध आणणं थांबवलं. त्याला आता वर्ष झालं होतं. म्हणून तो म्हणाला, एक वर्ष.

नंतर तपासण्या झाल्या. तिच्या अंडाशयातला स्त्रीबीजांचा साठा वयाच्या मानानं कमी होता. त्याला तंबाखूचं व्यसन होतं, ते मी सोडायला लावलं. नवे शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे पुरुषानं आज सोडलं तर तीन महिन्यांत फरक दिसू शकतो. एकदा दिवस राहिले आणि आठव्या आठवड्यात गर्भ पडला. शेवटी तिच्या ३६व्या वर्षी मुलगी झाली. २८व्या वर्षी हे काहीच लागलं नसतं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण हाताशी वेळ तरी असता.

मुलगी झाल्यावर ती भेटायला आली, तेव्हा बाळाच्या हातात तेच वाळे होते.

ही गोष्ट मी माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जोडप्यांना सांगितली आहे. लग्नात डीजे, ड्रोन, वरात, सात सात मेन्यू यांच्यावर लोक सहा महिने चर्चा करतात. ताटातलं उष्टं पाहिलं की माझा जीव तुटतो. आपल्या नाशिककडच्या शेतकऱ्यानं द्राक्षं गारपिटीतून वाचवून आणलेला तो पैसा असतो. त्या सहा महिन्यांतला एक तास मुलाबद्दल बोलायला काढा. गोदापार्कला संध्याकाळी कितीतरी तरुण जोडपी फिरताना दिसतात आणि दोघांच्या कानात आपापली गाणी असतात. ती काढून ठेवा. चालता चालता अवघड गोष्टी बोलल्या जातात.

शंभर वर्षांपूर्वी हे बोलणंसुद्धा पाप होतं. समाजसुधारक र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. या कामापायी त्यांची प्राध्यापकी गेली. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी स्वतः मूल न होऊ देण्याचं ठरवलं होतं. हो, तेही ठरवता येतं. ज्या जोडप्याला मूल नको आहे, त्याला नातेवाइकांनी समजावत बसू नये, हे माझं ठाम मत आहे. आणि नव्या सुनेला हळदीकुंकवात 'गोड बातमी कधी?' विचारणाऱ्या बायकांना मी हात जोडून सांगते, हा प्रश्न बंद करा. त्या पोरीचं आतल्या आत काय चाललंय, तुम्हाला ठाऊक नसतं.

आता लांबवायचंच असेल तर नीट लांबवा. सरकारी दवाखान्यात 'अंतरा' इंजेक्शन दर तीन महिन्यांनी मोफत मिळतं, 'छाया' गोळ्या मिळतात, तांबी बसवून मिळते. आशाताईला विचारा. पहिल्या बाळानंतर पुढचे दिवस राहण्याआधी निदान दोन वर्षं जाऊ द्या.

आणि हवं असेल तर दिवस राहण्याआधीपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करा. बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया पहिल्या २८ दिवसांत पडतो. तेव्हा बऱ्याच जणींना दिवस गेलेत हेच कळलेलं नसतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आधी तपासून घ्या.

किती वाट बघायची? ३५च्या आत असाल तर नियमित संबंध असताना एक वर्ष. ३५ झाली असतील तर सहा महिने, त्यापुढे थांबू नका. पुन्हा सांगते, ३५च्या आत एक वर्ष, ३५ नंतर सहा महिने. आणि दवाखान्यात दोघं या. एकट्या सुनेला सासूबरोबर पाठवू नका. नवऱ्याची तपासणी सगळ्यांत सोपी आणि स्वस्त असते, तरी ती सगळ्यांत शेवटी होते, आणि तोवर बाईच्या अंगावर किती सुया टोचून झालेल्या असतात!

चाळिशीजवळ आलेल्या ज्या बहिणी ऐकत असतील, त्यांनी घाबरून रेडिओ बंद करू नये. त्या वयातही निरोगी बाळं होतात, मी स्वतः हातात घेतली आहेत. धोका वाढतो हे खरं. डाउन सिंड्रोमचं, म्हणजे वाढ आणि बुद्धी मागे ठेवणारा जन्मजात दोष असलेलं बाळ होण्याची शक्यता आईच्या २५व्या वर्षी सुमारे १२५० बाळंतपणांत एक असते, ३५व्या वर्षी ३५०त एक, चाळिसाव्या वर्षी १००त एक. म्हणजे चाळिशीतही ९९ जणींची बाळं त्यातून सुटतात. पण तपासण्या वेळेवर करा.

आज रात्री जेवणं आटोपली, मागचं आवरलं की एका वहीचे दोन कागद फाडा. एक तिचा, एक त्याचा. त्यावर मूल कधी हवं तो बायकोच्या वयाचा आकडा लिहा, बोलू नका, मग अदलाबदल करा. दोन आकडे जुळले नाहीत तर त्यावर भांडा, रुसा, पण कागद फेकू नका. सहा महिन्यांनी पुन्हा काढून वाचा.

नमस्कार.