युजीन फ्लकी: पाणबुडीपासून पोर्तुगालपर्यंत

नमस्कार, श्रोतेहो.

अमेरिकेच्या सैन्यात युद्धात जखमी झालेल्यांना ‘पर्पल हार्ट’ नावाचं पदक मिळतं. युजीन फ्लकी या पाणबुडी अधिकाऱ्याजवळ त्या देशाचा सर्वोच्च युद्धसन्मान, मेडल ऑफ ऑनर, होता. शिवाय नौदलाचं त्याखालोखालचं शौर्यपदक, नेव्ही क्रॉस, चार वेळा मिळालेलं होतं. पण आपल्या हाताखालच्या एकाही माणसाला पर्पल हार्ट घ्यावं लागलं नाही, सगळे जिवंत परतले, याचा त्यांना सर्वांत जास्त अभिमान होता. आणि हे दुसऱ्या महायुद्धात, जिथे अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या बुडाल्या आणि सुमारे साडेतीन हजार माणसं गेली.

फ्लकींचा जन्म १९१३ साली वॉशिंग्टनचा. १९३५ मध्ये ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतून बाहेर पडले, आधी युद्धनौकेवर आणि विनाशिकेवर काम केलं, मग पाणबुड्यांकडे वळले. एप्रिल १९४४ मध्ये ‘बार्ब’ ही पाणबुडी त्यांच्या ताब्यात आली. जेमतेम ९५ मीटर लांबीचं लोखंडी नळकांडं, आत सुमारे ८० माणसं.

त्याच वर्षीचा सप्टेंबर. जपानी जहाजांतून नेले जाणारे ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन युद्धकैदी समुद्रात पडले होते. ती जहाजं अमेरिकन पाणतीरांनीच, म्हणजे टॉर्पेडोंनी, बुडवली होती. आत कैदी आहेत हे मारणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. ‘बार्ब’ला मदतीला धावायचा हुकूम आला. वाटेत शत्रूचा तांडा दिसला. फ्लकींनी एकाच हल्ल्यात ‘उन्यो’ ही विमानवाहू नौका आणि एक तेलवाहू जहाज बुडवलं, आणि लगेच पुढे निघाले. तुफान तोंडावर आलं होतं. कित्येक दिवस तेलकट पाण्यात तरंगणाऱ्या त्या माणसांपैकी १४ जणांना ‘बार्ब’ने वर घेतलं. मला स्वतःला ही कामगिरी त्यांच्या इतर सगळ्या पराक्रमांपेक्षा मोठी वाटते.

मेडल ऑफ ऑनर मिळालं ते जानेवारी १९४५ मधल्या चढाईसाठी. चीनच्या किनाऱ्यावरच्या नामक्वान बंदरात तीसहून अधिक जपानी जहाजं नांगर टाकून उभी होती. पाणी इतकं उथळ, की पाणबुडीला बुडी मारून लपायची सोयच नव्हती. रात्रीच्या अंधारात, पृष्ठभागावरूनच ‘बार्ब’ आत शिरली, पुढच्या आणि मागच्या नळ्यांतून पाणतीर सोडले आणि वळली. नकाशावर नसलेल्या खडकांतून खोल पाणी गाठायला तासभर लागणार होता. फ्लकींनी त्या खडकांचाच आडोसा धरला. पाठलाग करणारी जहाजं अशा जागी वेगाने यायला धजणार नाहीत, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो बरोबर ठरला. याला लोक धाडस म्हणतात. आहेच. पण परतीची वाट आधी आखून मगच आत जाणं, हा त्यांचा खरा स्वभाव.

काराफुतो, म्हणजे तेव्हा जपानच्या ताब्यात असलेला सखालिन बेटाचा दक्षिण भाग. त्याच्या किनाऱ्यावरची आगगाडी उडवली, तेव्हाही तेच. १९४५ चा जुलै. गाड्या रसद घेऊन बंदराकडे जाताना पेरिस्कोपमधून दिसायच्या. रुळाखाली स्फोटकं पुरून, गाडी येईपर्यंत माणसांना तिथेच बसवून ठेवणं फ्लकींना मान्य नव्हतं. बिली हॅटफिल्ड या तरुण विद्युत तंत्रज्ञाने तोडगा काढला. गाडीच्या वजनाने रूळ किंचित दबतो. लहानपणी हा पोरगा त्याच दाबाने अक्रोड फोडून खायचा! तसाच एक स्विच रुळाखाली बसवायचा, म्हणजे गाडी स्वतःच स्फोट घडवेल. आठ जण रबरी होड्यांतून किनाऱ्यावर उतरले. त्यांना निवडताना फ्लकींनी शक्यतो अविवाहित आणि पूर्वी बालवीर (बॉय स्काउट) असलेली माणसं घेतली. संकटात स्वतःला आणि सोबत्याला सांभाळायचं शिक्षण त्यांना मिळालेलं असतं म्हणून. होड्या परत पाणबुडीकडे येत असतानाच मागे गाडी उडाली. आठही जण सुखरूप आले. ‘बार्ब’च्या युद्धध्वजावर बुडवलेल्या जहाजांच्या खुणांबरोबर एक आगगाडीही आहे.

युद्धानंतरची वर्षं कमी सांगितली जातात. काही काळ ते ॲडमिरल निमिट्झ यांचे, म्हणजे युद्धात पॅसिफिकमधल्या अमेरिकन आरमाराचे प्रमुख असलेल्या सेनानींचे, सहायक होते. १९५० च्या सुमारास पोर्तुगालमध्ये नौदल प्रतिनिधी म्हणून गेले, १९६४ मध्ये पॅसिफिकच्या साऱ्या पाणबुडी दलाचे प्रमुख झाले, मग नौदल गुप्तवार्ता विभागाचे संचालक. शेवटची नेमणूक पुन्हा पोर्तुगालची. यावेळी नाटोच्या इबेरियन अटलांटिक कमांडची सूत्रं त्यांच्याकडे होती. अटलांटिकमधून भूमध्य समुद्रात शिरायचं ते जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतूनच, म्हणून शीतयुद्धात या टापूवर डोळा ठेवणं नाटोला भाग होतं. पाणबुडीत कप्तानाचा शब्द शेवटचा असतो. परक्या देशात मात्र यजमान सरकार आणि दोस्त राष्ट्रांचे अधिकारी यांना सोबत घेऊनच चालावं लागतं. ते काम हुकमाचं कमी आणि विश्वासाचं जास्त; मला ते पाणतीर सोडण्याहून सोपं वाटत नाही.

१९७२ मध्ये ते रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाले. पुढे ते आणि त्यांच्या पत्नी मार्जरी पोर्तुगालमध्येच एक अनाथाश्रम चालवत होते. मार्जरींची तब्येत ढासळेपर्यंत, कित्येक वर्षं.