सांध्यांची गोळी आणि अंगावरचं पुरळ

श्रोतेहो, नमस्कार.

गोळी घेतली गुडघ्यासाठी आणि पुरळ उठलं पाठीवर, तर या दोहोंचा संबंध चटकन कुणाच्या ध्यानात येत नाही. 'उष्णता वाढली', 'पित्त उठलं' असं म्हणून आपण चार दिवस काढतो. हे चार दिवस कधीकधी फार महागात पडतात, म्हणून आज हा विषय घेतला.

बहुतेक पुरळ साधंच असतं. खाज सुटते, लाल चट्टे येतात, डॉक्टरांनी औषध बदललं की ओसरतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या संधिवाताच्या गोळीनं काही जणांची त्वचा जागोजागी काळपट पडते. संधिवाताचं इंजेक्शन घेतलं तर टोचलेल्या जागी लाली आणि सूज येते, तीही बहुधा काही दिवसांत उतरते.

पण दोन नावं लक्षात ठेवा. संधिवातात देतात ते सल्फासालाझिन, आणि गाऊट या सांधे सुजवणाऱ्या आजारात युरिक अ‍ॅसिड कमी करायला देतात ते अ‍ॅलोप्युरिनॉल. यांची गंभीर रिअ‍ॅक्शन क्वचितच येते, पण आली तर बहुधा पहिल्या दोन महिन्यांत येते. आधी ताप, घसादुखी, डोळ्यांची चुरचुर. सर्दी-तापच वाटावा असं. मग चट्टे, फोड, ओठ-तोंड सोलवटणं, कातडी सुटणं. स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन डॉक्टरांनी 1922 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्यांचंच नाव त्याला पडलं. पुरळाबरोबर ताप असेल, तोंडात किंवा डोळ्यांत त्रास असेल, चेहरा सुजला असेल, तर नव्यानं सुरू केलेली ती गोळी पुढे घेऊ नका आणि थेट हॉस्पिटल गाठा. रात्र असली तरी.

मेथोट्रेक्सेटची गोष्ट वेगळी. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर विषबाधा होते, आणि तोंड येणं ही तिची एक खूण असते. घरातल्या वयस्कर माणसाचं तोंड आलं, तर मलम शोधण्याआधी गोळ्यांची पट्टी हातात घेऊन मोजा. मला हे पुन्हापुन्हा सांगावंसं वाटतं.

मात्र घाबरून सगळीच औषधं एकदम सोडू नका. बरेच दिवस चालू असलेलं स्टिरॉइड अचानक थांबवणंही धोक्याचं असतं.

चट्ट्यांचा फोटो काढा, गोळी कोणत्या तारखेला सुरू केली ते लिहा. गंभीर रिअ‍ॅक्शन आलेल्या औषधाचं नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला तो कागद आधी दाखवा.