शेपू, सपाता आणि पीटर्सबर्गच्या आजी

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? आज जरा लांबच्या गावाला नेते तुम्हाला, सेंट पीटर्सबर्गला. मी रशियन शिकायला गेले होते, पॉदफाकला, म्हणजे परदेशी मुलांना मेन शिक्षण सुरू व्हायच्या आधी साधारण वर्षभर भाषा शिकवतात ना, तो कोर्स. हॉस्टेल नको म्हणून एका आजींच्या घरी राहायची सोय केली होती, वासिल्येव्स्की बेटावर. सप्टेंबर महिना, बाहेर पिरपिर पाऊस, आणि तिथे बऱ्याच रस्त्यांना नावंच नाहीत हो, नंबर आहेत, आणि तेही कसे, रस्त्याच्या एका बाजूला सहावी लाईन आणि त्याच रस्त्याच्या समोरच्या बाजूला सातवी! मी बॅग ओढत अर्धा तास चुकीच्या फुटपाथवर घर शोधत होते.

शेवटी आजींनीच खिडकीतून बघितलं आणि खाली आल्या. मी आपलं हसून, मोठ्या उत्साहात, उंबऱ्याबाहेरूनच हात पुढे केला, तर त्यांनी मनगट धरून मला सरळ आत ओढलं. उंबऱ्यावरून हात मिळवायचा नाही, काही द्यायचं-घ्यायचं नाही! मला एकदम आमच्या आजीचाच आवाज ऐकू आला, उंबऱ्यावर उभी राहू नकोस गं. म्हणलं, अरे, ही तर आपलीच माणसं.

मग चपला. मी शहाण्यासारखे बूट काढले आणि अनवाणी आत गेले, आपल्याकडे जातो तशी. झालं! "तापच्की! तापच्की!" करत आजी मागून धावत आल्या, हातात लोकरीच्या सपाता. घरात अनवाणी म्हणजे आजारपण घेतलंच समजा. दिवसात तीनदा तरी मी विसरायचे आणि तीनदा ती मिरवणूक निघायची. गंमत म्हणजे फरशी खरंच बर्फासारखी असायची, कारण तिथे हीटिंग सगळ्या शहराचं एकत्र असतं. बाहेरचं सरासरी तापमान सलग पाच दिवस 8 डिग्रीच्या खाली गेलं की मग शहर ते सुरू करतं, तोपर्यंत बसा. आणि मी पहिल्या रात्री भिंतीवर बटण शोधतेय!

आता भाषेचं. पुण्यात सर्टिफिकेट कोर्स करून गेले होते, पण तिथे पहिले चार दिवस माझं तोंडच उघडेना, कारण मी प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत जुळवायचे आणि मग रशियनमध्ये ढकलायचे, तोपर्यंत समोरचा माणूस दुकानातून निघून गेलेला असायचा. पाचव्या दिवशी आजींनी काहीतरी समजावलं, मी म्हणलं "या पोन्यल", समजलं या अर्थी, आणि आजी टेबलावर हात आपटून हसायला लागल्या. मुलगा म्हणेल "पोन्यल", मुलगी म्हणेल "पन्यला"! म्हणजे मी दिवसभर "मी समजलो, मी समजलो" करत फिरत होते. अहो, गेलो-गेले करत वाढलेली बाई मी, मला हे शिकवायला लागावं?

त्या दिवसापासून मी इंग्रजी बाजूला ठेवलं. चहातला च आणि चमच्यातला च, आपण दोन्ही बोलतो पण लिहितो एकच, त्यांच्याकडे त्याला दोन वेगळी अक्षरं आहेत. तीन लिंगं आपल्याकडेही. दार म्हणजे "द्वेर". आणि ते क्रियापदांच्या जोड्यांचं, ज्याला वर्गातली पोरं रडतात, ते तर आजींनी एका वाक्यात संपवलं. मी होमवर्कची वही घेऊन बसले होते, त्यांनी विचारलं, "द्येलला की स्द्येलला?" करत होतीस की करून टाकलंस? बास, डोक्यात बसलं ते. विभक्त्यांबद्दल मात्र मी काही गोड बोलणार नाही, त्यांच्या सहा आहेत आणि सहाही छळतात.

आणखी एक. फॉर्मवर माझं नाव, वडलांचं नाव, आडनाव बघून आजी खूश, कारण त्यांच्याकडेही मधे वडीलच असतात, फक्त शेपूट लागतं. म्हणजे वडील रमेश असतील तर मुलगा रमेशेविच, मुलगी रमेशेव्ना. मोठ्या माणसाला हाक मारायची तर नाव आणि हे, दोन्ही. नुसतं नाव घेणं म्हणजे आपल्याकडे सासूबाईंना एकेरी हाक मारण्यातला प्रकार.

जेवण? त्याचं एका शब्दात सांगते, शेपू. "उक्रोप" म्हणतात. बटाट्यावर शेपू, सूपवर शेपू, काकडीवर शेपू. लहानपणी ज्या भाजीच्या वासाने मी घरातून पळायचे ती मला सहा हजार किलोमीटरच्या आसपास येऊन रोज दोन वेळा. आईला फोनवर सांगितलं तर ती इतकी हसली की बाबांना फोन घ्यावा लागला.

पहिल्या शुक्रवारी आजी दाचावर निघाल्या, दाचा म्हणजे गावाबाहेरचं छोटं घर, बाग असलेलं, बटाटे काढायचे होते त्यांना. पिशव्या भरल्या, कोट घातला, आणि दारापाशी येऊन स्टुलावर एकदम गप्प बसल्या. मी घाबरले, चक्कर आली की काय, धावत पाणी आणलं. त्यांनी शांतपणे दोन घोट प्यायले आणि मला बोटाने खूण केली, तू पण बस. प्रवासाला निघताना सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं असतं म्हणे. बसलो दोघी, मी चपलांच्या रॅकवर. मग उठल्या, "नू, पश्ली", चला, आणि गेल्या.

फ्रिजवर चिठ्ठी होती, हाताने लिहिलेली. रशियन हस्ताक्षर बघितलंय का कधी? सगळ्या नुसत्या उभ्या काड्या, त्यांचा त दिसतो इंग्रजी एमसारखा, प दिसतो एनसारखा. वीस मिनिटं लागली मला, मोबाईलवर अक्षरांचा तक्ता उघडून. सूप आत आहे, गरम कर, आणि वरून शेपू घालायला विसरू नको.

घातला.